धाब्याचं घर पाडायचं की होमस्टे करायचा? (आणि ग्रीसचं खिओस बेट)

तापीकाठचा:
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात आमच्या आजोबांचं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर आहे, सागवानी खांब, जाड मातीच्या भिंती, दोन वर्षांपासून कुलूप. काका म्हणता पाडून स्लॅब टाकू. मी परवा रात्री मोबाईलवर ग्रीसच्या खिओस बेटाचं वाचत बसलो, तिथे मेस्ता म्हणून गाव आहे, बाहेरच्या घरांच्या पाठी एकमेकांना जोडून गावकोटच केलाय, चाचे आले की लोक धाब्याधाब्यावरून पळत मधल्या बुरुजात शिरायचे. फोटो बघून आपलीच गल्ली वाटली राव. तिथे लोक पैसे मोजून राहतात आणि आपल्याकडे अजिंठ्याचे परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनला उतरून शेवभाजी न खाताच गाडीत बसतात. तिथे हे सरकारने केलं की गावाने? कुणाला माहितीय का?

जहाजी भो:
मर्चंट नेव्हीत होतो, खिओसला दोन दिवस काढलेत. सुरुवात सरकारनेच केली भो. 1970 च्या दशकात त्यांच्या पर्यटन खात्याने ओस पडत चाललेल्या गावांतली जुनी घरं काही वर्षांसाठी घेतली, दुरुस्त केली, पाहुण्यांना दिली, मालकी मात्र घरवाल्याचीच. मेस्ता त्यातलंच, सांतोरिनी बेटावरचं इया गाव पण.
पण मेस्ता, पिर्गी ही गावं उभी आहेत ती मस्तिखाच्या झाडावर. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात रूमी मस्तकी मिळते ना, तीच. झाडाखालची जमीन झाडून पांढरी भुकटी पसरतात, उन्हाळ्यात सालीला बारीक चिरा देतात, चीक थेंबथेंब खाली पडून कडक होतो. मग बायाबापड्या दारात बसून एकेक खडा सुरीने खरवडतात. एका आजीने मला खडा दिला, आधी दाताखाली भुगा झाला, कडवट, थुंकणार तेवढ्यात च्युइंगम झाला! आजी खूप हसली. उत्पादकांचा संघ 1938 पासून आहे, 2014 ला युनेस्कोच्या यादीत ही परंपरा गेली, 2016 ला म्युझियम झालं. म्हणजे धंदा आधी, टुरिस्ट नंतर. नुसतं जुनं घर बघायला कोण येईल?

सातपुड्याची लेक:
जहाजी दादा बरोबर बोलले. आमच्याकडे धावड्याचा डिंक पण असाच झाडावरून येतो, पण तो गोळा कोण करतं, कसा निवडतात हे जळगावच्या माणसालाही माहीत नाही, तो फक्त बाळंतिणीच्या लाडवात बघतो. तापीकाठच्या भाऊ, तुमच्या गावात अजून कोण काय करतं ते बघा आधी. कळण्याची भाकर, खापरावरचे मांडे करणारी कुणी काकू असेल तर निम्मं काम झालं. आणि हो, धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती टाकली नाही तर पाहुण्याच्या अंगावर गळेल, त्याला कोण जबाबदार? संडास-बाथरूम घरात पाहिजे, यावर वाद नको.

भरीतपार्टी:
सगळं गोड आहे पण इयाचं पुढे काय झालं तेही सांगा. 1956 च्या भूकंपात पडलेलं, लोक सोडून गेलेलं गाव, ते नीट केलं, आज संध्याकाळी सूर्यास्त बघायला पाय ठेवायला जागा नाही. सांतोरिनीला क्रूझवाल्यांवर दिवसाला 8000 ची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे आठ आले तरी पेढे वाटू म्हणा 😀 पण गावातल्या घरांचे भाव वाढले की आधी भाडेकरू बाहेर जातो.
माझ्या मावसभावाने एका गावात दोन खोल्या काढल्या होत्या, पहिल्याच सिझनला लाईट गेली, पाहुणे रात्री 11 ला निघून गेले. इन्व्हर्टर आधी घ्या, बोर्ड नंतर रंगवा.

तापीकाठचा:
सगळ्यांचे आभार. मांडे करणारी काकू आहे, शेजारीच, पण ती म्हणते पाहुण्यांसमोर खापर मांडायला लाज वाटते. रविवारी धाब्यावर चढून कोणत्या तुळया सडल्यात ते बघतो, काकांना तोवर स्लॅबवाल्याला फोन करू नका म्हणून सांगितलंय. खारी माती चोपड्याकडे ट्रॉलीने कुणी देतं का?