व्हिटॅमिनच्या गोळ्या: जेनेरिक घ्यायच्या की नेहमीचा ब्रँड?

कोथरूडकर: घरात चौघं, तिघांचं डी कमी. ऑनलाइन मल्टिव्हिटॅमिन गमीजची, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांची, बाटली मागवली. 549 रुपये, 60 नग. वाटलं, एकाला दोन महिने पुरेल. मागची बारीक अक्षरं वाचली तर रोज दोन खायच्या! म्हणजे चौघांचे महिन्याला 2196. त्यात डी किती, तर 400 आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक). आणि आम्हाला डॉक्टरांनी लिहून दिलीय आठवड्याला 60,000 ची पुडी. घटकांत पहिली साखर. माझं स्पष्ट मत आहे, जे कमी आहे तेवढंच घ्या, आणि तेही जनऔषधी केंद्रातून, म्हणजे ब्रँडच्या नावाऐवजी घटकाच्या नावाने स्वस्तात मिळणारी जेनेरिक औषधं विकणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानातून. जाहिरातीचे पैसे आपण का भरायचे?

मिरजेची लेक: अजिबात पटलं नाही. सासूबाईंना सहा महिने स्वस्तातल्या बी-12 च्या गोळ्या दिल्या. रिपोर्ट जागचा हलला नाही, पायाला मुंग्या तशाच. ब्रँडेड सुरू केल्या आणि फरक पडला. शिवाय आमच्या जवळच्या जेनेरिक दुकानात दोनदा माल नव्हता. रिक्षाचे पैसे गेले ते वेगळेच.

मेडिकलवाला, नाशिक: ताई, सासूबाईंना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? त्याने बी-12 उतरतं. पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी तेच.

मिरजेची लेक: मेटफॉर्मिन दहा वर्षं आहे. आणि हो, ब्रँड बदलला तेव्हा पाच इंजेक्शनंही दिली होती.

मेडिकलवाला, नाशिक: मग फरक इंजेक्शनांचाही असू शकतो. स्ट्रिप उलटी करून बघा. विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरीच, असं कितीतरी औषधांत असतं. घटकाचं नाव, मिलिग्रॅम, बॅच, एक्स्पायरी एवढं जुळवा. अजून एक, काही खासगी जेनेरिकवर छापील किंमत मुद्दाम जास्त असते, म्हणून ‘70 टक्के सूट’ला भुलू नका, हातात किती पैसे मोजले ते बघा. आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल युज’ लिहिलेल्या डब्या अन्नाच्या परवान्यावर विकल्या जातात, त्या औषध नव्हेत.

शेतकरी माणूस: मुळात गोळ्या हव्यातच कशाला? आमच्याकडे नाचणीची भाकरी, ताक आणि ऊन. सगळं फुकटात.

कोथरूडकर: काका, कॅल्शियमपुरतं शंभर टक्के मान्य. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पण बी-12 भाजीत, मोडाच्या कडधान्यात नसतं. आम्ही शाकाहारी, दूध-दही तेवढं. आणि दुपारचं ऊन मला ऑफिसात कुठून मिळणार?

शेतकरी माणूस: ते खरं. पण गरोदर सुनेला लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळाल्या. विकत घेण्याआधी तिथे विचारा.

मेडिकलवाला, नाशिक: हे फार कामाचं सांगितलंत. आणि हात जोडून विनंती, स्वस्त मिळते म्हणून 60,000 ची पुडी रोज घेऊ नका. एक गिऱ्हाईक महिनाभर रोज घेत होतं. उलट्या होऊन ॲडमिट झालं, रक्तात कॅल्शियम वाढलेलं. ती आठवड्याला एकच, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच.

कोथरूडकर: आम्ही रविवारच्या जेवणानंतर घेतो, कालनिर्णयवर खूण करून.

मिरजेची लेक: मेटफॉर्मिनचं डॉक्टरांना उद्याच विचारते. गोळ्या मात्र तूर्त त्याच ब्रँडच्या. सासूबाई आता कुठे जिना चढायला लागल्यात, मला धोका पत्करायचा नाही.