मदत हवी आहे : पोर्टलंड हेड दीपगृह बाहेरूनच पाहायचे असल्यास काय पाहावे?

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन अमेरिकेतील मेन राज्यातल्या केप एलिझाबेथ येथील पोर्टलंड हेड दीपगृह पाहण्याचा बेत आहे. मनोरा एरवी लोकांसाठी बंद असतो आणि सप्टेंबरमधला खुला दिवस आम्हाला गाठता येणार नाही. शिवाय गुडघेदुखीमुळे आईला जिने किंवा खडकाळ उतार झेपत नाही, त्यामुळे जे काही पाहायचे ते जमिनीवरूनच.

माझे कुतूहल मनोऱ्याच्या उंचीविषयी आहे. मूळ आराखडा ५८ फुटांचा होता. परंतु बांधकाम तेथवर आल्यावर दक्षिणेकडील भूशिरामुळे प्रकाश अडेल हे लक्षात आले, म्हणून तो ७२ फुटांपर्यंत नेण्याचे ठरले, आणि जानेवारी १७९१ मध्ये दिवा लागला. पुढे १८८३ मध्ये तो २० फुटांनी उतरवून त्यात कमी शक्तीचे भिंग बसवण्यात आले, तेव्हा खलाशांनी इतक्या तक्रारी केल्या की दोनच वर्षांत उंची परत वाढवावी लागली. (काटकसर अंगाशी आली, असेच म्हणावे लागेल.) ही सारी घडामोड बाहेरून ओळखता येते का? तसेच भोवतालच्या सुमारे ९० एकरांच्या फोर्ट विल्यम्स उद्यानात आईला फार न चालवता काय दाखवता येईल?

प्रतिसाद :

मनोऱ्यावर, दिव्याच्या खोलीच्या बराच खाली, बाहेर आलेला एक कंगोरा दिसतो. त्याच्या वरचा भाग ही नंतरची वाढ, हे ध्यानात ठेवून पाहिल्यास आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळेल. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूने येत असल्यामुळे जमिनीकडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते. बांधकामाचे बारकावे पाहायचे असतील तर दुपारनंतर जावे. मात्र ऑक्टोबरमध्ये दिवस लवकर मावळतो आणि सूर्यास्तानंतर उद्यान बंद होते, एवढे लक्षात असू द्या.

आईंसाठी दीपगृहाजवळच्या वाहनतळावर गाडी लावा. कड्यावरची पायवाट ओबडधोबड आहे, ती टाळलेली बरी. रखवालदाराच्या जुन्या घरात आता संग्रहालय आहे. घराजवळच्या खडकावर १८८६ च्या नाताळच्या आदल्या रात्री तेथे आदळलेल्या 'ॲनी सी. मॅग्वायर' या जहाजाचे नाव रंगवलेले आहे. जहाज अगदी दीपगृहाच्या पायथ्याशी लागले, आणि रखवालदाराच्या कुटुंबाने शिडी टाकून सर्वांना सुखरूप काठावर आणले. समोर समुद्रात १९०५ मधले रॅम आयलंड लेज दीपगृहही दिसेल.

किल्ल्याच्या तोफखान्यांचे आणि गोडार्ड हवेलीचे अवशेष थोडे लांब आहेत. आईंना दीपगृहापाशी समुद्राकडे तोंड करून बसवून आपण एकट्याने ते पाहून यावे, असे सुचवतो.