विषय : ओहायो स्टेट संघाच्या अभिनंदनाचा ठराव

२२ जानेवारी २०२५

चिटणीस व सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

शनिवारच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे अभिनंदन करणारा ठराव मांडला जाणार असल्याचे पत्रक वाचले. सोमवारी अटलांटात नोटर डेमला ३४-२३ असे हरवून आपल्या गावचा हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, याचा आनंद मलाही आहे. परंतु मसुद्यातील ‘निर्विवाद’ या शब्दाला माझी हरकत आहे. या संघाने ऑक्टोबरात ओरेगनविरुद्ध एका गुणाने (३२-३१) सामना गमावला, ३० नोव्हेंबरला तर आपल्याच मैदानावर मिशिगनकडून १३-१० अशी हार पत्करली, आणि तीही सलग चौथ्या वर्षी. बिग टेन या आपल्या विद्यापीठगटाच्या अंतिम सामन्यापर्यंतही तो पोचला नाही. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत केवळ चार संघ घेण्याची जुनी पद्धत असती, तर क्रमवारीत सहावा असलेला हा संघ जानेवारीत घरी बसून इतरांचे सामने पाहत राहिला असता. शिवाय खेळाडूंवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितले होते. अभिनंदन अवश्य करावे, पण तोलून मापून करावे.

आपला,
एक जुना सभासद

२३ जानेवारी २०२५

आदरणीय काका,

सा. न.

तुम्ही मांडलेल्या आकड्यांपैकी एकही मी खोडून काढणार नाही. मिशिगनच्या सामन्याला मी स्वतः स्टेडियममध्ये होते. आमच्यापासून चार रांगा पुढे बसलेले एक गृहस्थ मध्यंतरापासूनच दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते, ते शेवटची ४५ सेकंदे उरली असताना मिशिगनने २१ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचा, तीन गुणांचा) आत गेला तेव्हाही तसेच उभे राहिले. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एगबुका यांच्यासारखे झेलकरी मोकळे सोडून आपण मिशिगनच्या धिप्पाड बचावफळीच्या ऐन मध्यावर पुन्हा पुन्हा चेंडू घेऊन घुसत होतो, हा हट्ट अजूनही मला समजलेला नाही. दिवसभरात धावून मिळाले ते फक्त ७७ यार्ड, आणि सोपे म्हणावेत असे दोन फील्ड गोलही हुकले. प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका, असे त्या संध्याकाळी गावात ज्याला त्याला वाटत होते. मलाही वाटले होते, हे इथे कबूल करते.

पण ठराव त्या दिवसाचा नाही. तो त्यानंतरच्या एका महिन्याचा आहे. २१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत टेनेसीचा ४२-१७ असा फडशा पडला. नववर्षाच्या दिवशी पॅसाडेनात, तोपर्यंत एकही सामना न हरलेल्या आणि अग्रमानांकित असलेल्या ओरेगनविरुद्ध आपण ३४-० अशी आघाडी घेतली आणि शेवटी ४१-२१ ने जिंकलो. ऑक्टोबरातला तो एका गुणाचा हिशेब तिथे व्याजासकट चुकता झाला, असे मी मानते.

टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला प्रसंग मात्र मला सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण २१-१४ ने पुढे होतो, चार मिनिटेही उरली नव्हती, आणि टेक्सास आपल्या गोलरेषेपासून फक्त एका यार्डावर उभा होता. अशा वेळी चार प्रयत्न मिळतात; पहिल्या प्रयत्नात त्यांना काहीच मिळाले नाही. दुसऱ्यात त्यांनी चेंडू बाजूने फिरवण्याचा आगाऊपणा केला आणि सात यार्ड गमावले. चौथ्या प्रयत्नात आपल्या जॅक सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) क्विन यूअर्स याला गाठून त्याच्या हातून चेंडू उडवला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन समोरच्या गोलरेषेपलीकडे नेत टचडाउन केला. सॉयर हा आपल्या शेजारच्या पिकरिंग्टनचा मुलगा, आणि यूअर्स हा २०२१ मध्ये इथेच त्याच्या खोलीत राहणारा. नोव्हेंबरातल्या त्या सामन्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी आपल्या मैदानावर झेंडा रोवायला घेतला तेव्हा तो हिसकावून घेणाराही हाच सॉयर. गेल्या वर्षीच व्यावसायिक संघात जाता आले असते, तरी तो आणि त्याच्या बरोबरीचे बरेच जण मिशिगनचे उसने फेडायचे म्हणून एक वर्ष थांबले होते. ते उसने काही फिटले नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन पराभवांचा मुद्दा राहिला. २००७ च्या मोसमात लुइझियाना स्टेटचा संघही दोनदा हरूनच राष्ट्रीय विजेता झाला होता, आणि अंतिम सामन्यात त्याने ३८-२४ असे हरवले होते ते आपल्यालाच. तेव्हा त्यांच्या विजेतेपदाला खोटे म्हणायला आपल्यापैकी कोणी धजले होते का? पैशाबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे, पण इतर मोठी विद्यापीठेही त्याच बाजारात उभी आहेत.

आपली नम्र,
चिटणीस

२३ जानेवारी २०२५, रात्री

चि. चिटणीसबाईंस,

अ. उ. आ.

लुइझियानाचा सामना तुम्ही काढाल असे वाटले नव्हते. त्या रात्रीचे जेवण मला अजून आठवते. सोमवारी ३१-७ चे ३१-२३ होताना माझाही जीव टांगणीला लागला होता, आणि तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास टाकला तेव्हा मी खुर्चीतून उठलो, हे आमच्या घरातून तुमच्या कानावर आलेच असेल.

‘निर्विवाद’ हा शब्द काढून त्या जागी ‘मिशिगनकडून १३-१० असा पराभव पत्करूनही’ हे शब्द घालावेत, अशी माझी दुरुस्ती आहे. ती मान्य असल्यास ठराव मी मांडतो, अनुमोदन तुम्ही द्यावे. तिळगूळ वाटण्याआधी तो घ्यावा, कारण त्यानंतर सभागृहात कोणी कोणाचे ऐकत नाही.

आपला,
काका