सायकल मार्गिका ओलांडून वळताना चालकाने नेमके काय करावे?

प्रश्न (चारचाकी चालक)

माझ्या रोजच्या रस्त्यावर पदपथाला लागून नुकतीच सायकल मार्गिका आखली आहे. परवा चौकात पदपथाच्या बाजूला वळायचे होते, म्हणून मी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, पादचारी जाईपर्यंत थांबलो आणि मग वळलो. त्याच क्षणी मार्गिकेतून सरळ जाणारी एक सायकल माझ्या दारापासून हातभर अंतरावर करकचून ब्रेक लावून थांबली. त्याच सायकलला मी शंभरेक मीटर मागे ओलांडून पुढे आलो होतो, त्यामुळे ‘दिसली नाही’ असे म्हणायलाही मला जागा नाही. वळण्यापूर्वी मार्गिकेत शिरून गाडी कडेला घ्यावी, म्हणजे सायकली आपोआप मागे राहतात, असे काही जण सांगतात. तर मार्गिकेला चाकही लावू नये, सायकली जाऊ द्याव्यात आणि मगच वळावे, असे इतरांचे म्हणणे आहे. यांपैकी बरोबर काय? शिवाय मार्गिका रिकामी असतानाही काही सायकलस्वार मुख्य रस्त्यावर का येतात, तेही कोणी समजावून सांगावे.

उत्तर (गाडी आणि सायकल दोन्ही चालवणारा)

दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. अमेरिकेतच पाहा: कॅलिफोर्नियात चालकाने वळणाआधीच्या २०० फुटांत, म्हणजे सुमारे ६० मीटरांत, सायकल मार्गिकेत शिरून मगच वळावे असा कायदा आहे, तर शेजारच्या ओरेगॉनमध्ये वळण्यासाठी मार्गिकेत आधी शिरणे चालत नाही आणि सायकलस्वाराला वाट द्यावीच लागते. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ साली झालेल्या बदलांनंतर, सरळ जाणाऱ्या सायकलला आडवे जाऊन वळू नये, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. म्हणून आधी आपल्या भागाचा नियम आणि रस्त्यावरची रेषा पाहावी. चौकाजवळ रेषा तुटक झाली असेल, तर तेथे मिसळून वळणे अपेक्षित असण्याची शक्यता मोठी असते. रेषा सलग असेल किंवा मधे खांब असतील, तर थांबण्याला पर्याय नाही. दोन्ही प्रकारांत आरसा पाहून, मान वळवून, मगच चाक वळवावे. इंडिकेटर दिल्याने तुमचा हेतू कळतो, वाट तुमची होत नाही.

तुमच्या प्रसंगात खरी चूक मात्र चौकात झाली नाही, ती शंभर मीटर आधीच झाली होती. ताशी ४० किलोमीटर वेगाने तुम्हाला ते अंतर कापायला ९ सेकंद लागतात, ताशी २० किलोमीटर वेगाच्या सायकलला १८. म्हणजे सायकल ओलांडून तुम्ही मिळवलेली आघाडी फार तर ९ सेकंदांची होती, आणि ती तुम्ही वेग कमी करण्यात व पादचाऱ्यांसाठी थांबण्यात खर्च केलीत. पुढच्याच चौकात वळायचे असेल, तर सायकलला ओलांडूच नये, तिच्या मागे राहावे.

उत्तर (अवजड वाहनाचा चालक)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त ट्रकबाबत थोडी भर घालतो. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपऱ्याच्या बरीच आतून जातात. म्हणून आम्ही वळण्याआधी वाहन थोडे उलट बाजूला घेतो, आणि तेव्हा कडेला जी जागा मोकळी झालेली दिसते तिच्यात काही सायकलस्वार शिरतात. ती जागा पुढच्या काही क्षणांत नाहीशी होणार असते. सिग्नलला थांबताना आमच्या दाराशेजारी उभे राहू नये. पूर्ण मागे थांबावे, किंवा थांबरेषेपुढे सायकलींसाठी जागा आखलेली असेल आणि सिग्नल हिरवा व्हायला पुरेसा वेळ असेल, तर आम्हाला दिसेल इतके पुढे यावे. आमच्या आरशात आमचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही आम्हाला दिसत नाही, असे धरून चालावे.

उत्तर (रोज सायकलने कामावर जाणारी)

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल. गाडीतून रिकामी दिसणारी मार्गिका सायकलवरून क्वचितच रिकामी असते: काचा, वाळू, गटाराची जाळी, आणि सर्वांत वाईट म्हणजे शेजारी उभ्या गाड्यांची दारे. दार उघडले की साधारण मीटरभर जागा व्यापते, त्यामुळे उभ्या गाड्यांना चिकटून आखलेल्या दीड मीटरच्या मार्गिकेत सुरक्षित असा अर्धा मीटरच उरतो. म्हणून मी तिच्या बाहेरच्या रेषेवरून चालवते आणि मागचे चालक हॉर्न वाजवतात! दाराजवळच्या हाताऐवजी दूरच्या हाताने दार उघडावे, म्हणजे शरीर आपोआप वळते आणि मागचा रस्ता दिसतो. ‘डच रीच’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत ब्रिटिश संहितेनेही २०२२ पासून सुचवली आहे. मार्गिका सोडण्याची मुभा सर्वत्र नसते, हेही खरे: जर्मनीत गोल निळी पाटी असेल तेथे मार्गिकेतूनच जावे लागते. बाहेर यायचे झाल्यास मी आधी मागे पाहते, हात दाखवते आणि जागा मिळाल्यावरच येते.

उत्तर (आणखी एक चालक)

सगळा भार चालकांवरच टाकू नये. मार्गिकेतून उलट दिशेने येणारे सायकलस्वार मला सर्वांत धोकादायक वाटतात, कारण गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक वाहने ज्या बाजूने येतात तिकडेच पाहत असतो. रात्री दिव्याशिवाय फिरणाऱ्यांबद्दल काय बोलावे!

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आठवडाभर सायकलच्या मागे राहून वळतो आहे आणि सायकलमुळे कधीच उशीर झालेला नाही. एकच अडचण आहे: मी वाट द्यायला थांबलो की मागची गाडी अगदी चिकटते.

उत्तर (गाडी आणि सायकल दोन्ही चालवणारा)

इंडिकेटर आणखी लवकर द्यावा आणि ब्रेक एकदम न दाबता आधीपासून हलके लावावेत, म्हणजे मागच्याला लाल दिवा वेळेत दिसतो. थांबताना गाडी तिरकी करू नये, चाके सरळ ठेवावीत. मागून धक्का बसलाच, तर तिरकी चाके गाडीला थेट सायकल मार्गिकेत ढकलतात.