परिक्रमेसाठी गाडी: सगळं लावलेली हिमालयन घ्यावी की मोकळी स्क्रॅम?

रामबागकर
नर्मदे हर! देवउठनी (कार्तिकी) एकादशी झाली की आम्ही दोघं मोटरसायकलवर नर्मदेची परिक्रमा उचलणार आहोत. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने खरगोन, बडवानी, खेतिया, शहादा, अक्कलकुवा, पुढे गुजरात. मग उत्तर तटाने गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर करत अमरकंटक आणि परत. गाडी जुनीच घ्यायची आहे आणि सगळं तिथेच अडलंय.

दोन्ही रॉयल एनफिल्डच्या. एक आहे २०२१ ची हिमालयन. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मागे टॉप बॉक्स, उंच काच, फॉग लाइट, क्रॅश गार्ड, टाकीशेजारी पेट्रोलचे कॅन, सगळं लावलेलं. दुसरी २०२२ ची स्क्रॅम. इंजिन तेच ४११ सीसीचं, पण काच नाही, कॅरियर नाही, डबल स्टँडसुद्धा नाही.

हिमालयन बघायला हिलाही नेलं होतं. हिचा उजवा गुडघा दुखरा आहे. टॉप बॉक्समुळे मागून पाय टाकता येईना, म्हणून फूटपेगवर उभी राहून, माझा खांदा धरून कशीबशी चढली, तरी टाच पेटीच्या कडेला लागलीच. माझी उंची ५ फूट ५ इंच. सामान मात्र दोघांचं, तेही थंडीतलं. काय करावं?

विजयनगर_रायडर
काका, स्क्रॅम घ्या. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे हिमालयन १९९ किलो, स्क्रॅम १८५. त्यावर पेट्या आणि त्यांची फ्रेम म्हणजे आणखी दहा-पंधरा किलो, तेही रिकाम्या असताना. आश्रमाच्या कच्च्या उतारावर गाडी वळवताना हे वजन जाणवतं. कापडी सॅडलबॅग घ्या आणि निघा.

जुनी_इंदूर_गॅरेज
नर्मदे हर. रामबागकर, मी मोटरसायकलवर परिक्रमा केली आहे आणि या दोन्ही गाड्या रोज उघडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. परिक्रमा उचलली की मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नाही. दक्षिण तटावर गाडी बिघडली तर इंदूर समोर, पलीकडे उत्तरेला असूनही तुमच्यासाठी नाही. मोरटक्क्याचा पूल दिसेल, पण त्यावरून येऊन पार्ट घेऊन जाता येणार नाही. खंडवा, खरगोन, बडवानीत जे मिळेल त्यावरच निभवायचं. म्हणून गाडीवर बिघडू शकेल अशी एकही जादा वस्तू नको. बाहेरून जोडलेल्या फॉग लाइटचं वायरिंग आधी काढून टाका. रात्री चालवायचंच नाही, तर ते लागतंय कशाला? पेट्रोलचे कॅनही उतरवा. टाकी १५ लिटरची आहे. लिटरला ३० धरलं तरी ४५० किलोमीटर होतात, आणि या वाटेवर तेवढ्यात पंप नाही असं कुठेच होत नाही.

एवढं सगळं म्हणूनही मी हिमालयनच घ्या म्हणेन, आणि त्याचं मोठं कारण डबल स्टँड.

दोन्ही गाड्यांना स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. म्हणजे पंक्चर झालं की चाक उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. खेतियाच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. दुपारची वेळ, दोन्हीकडे कपाशी, माणूस नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, अ‍ॅक्सलचा नट सोडला, चेन स्प्रॉकेटवरून उतरवली, चाक मागे ओढलं. टायर पायाने दाबून एका बाजूची कड रिमच्या खोलगट भागात ढकलली की दुसऱ्या बाजूने लिव्हर अलगद आत जातो. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरमध्ये आतून बोटं फिरवली, कारण काटा आतच राहिला असता तर दुसरी ट्यूबही गेली असती. टोक सापडलं, पकडीने ओढलं. सगळं निवांत झालं ते गाडी सरळ आणि स्थिर उभी होती म्हणून. नुसत्या साइड स्टँडवर हेच काम करायचं तर गाडीखाली दगड रचावे लागतात, आणि ती कलंडली तर सावरायला दुसरं माणूस हवं. वहिनींच्या गुडघ्यावर तो भार टाकू नका. चेनला तेल द्यायलासुद्धा हाच स्टँड लागतो, आणि एवढ्या धुळीत ते वरचेवर द्यावं लागतं.

स्क्रॅमला डबल स्टँड, कॅरियर, काच नंतर बसवता येतात, खरं आहे. पण सगळं बसवून झाल्यावर तुमच्या हातात हिमालयनच येणार, तर ती आधीच का घेऊ नये? पुढचं चाक हिमालयनचं २१ इंची, स्क्रॅमचं १९. दोन्हींची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. पुढची एक, मागची एक जवळ ठेवाच.

पेट्या आणि टॉप बॉक्स मात्र इंदूरलाच उतरवा. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. दोन कापडी बॅगा, जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला.

मागची_सीट
बाकी सगळं मान्य, पण टॉप बॉक्सबद्दल दादांचं मला पटलं नाही. मी वर्षानुवर्षं मागे बसते. मांडू, जानापाव ठीक आहे, पण दिवसच्या दिवस बसायचं तर पाठीला टेका नसला की कंबर धरते. चालवणाऱ्याला हँडल असतं, मागचीला काहीच नाही. वहिनींचा पाय अडतोय तो बॉक्समुळे, तर बॉक्स काढून कॅरियरवर पाठीची गादी बसवा, बुटकी आणि मऊ. आणि चढताना गाडी रस्त्याच्या कडेच्या उंचवट्याला लावा, म्हणजे पाय अर्धाच उचलावा लागतो. दर तासाला उतरा. सामान घरी तुम्ही दोघांनी मिळून बांधा. बॅगेत काय कुठे आहे हे बहुधा मागे बसणारीलाच ठाऊक असावं लागतं.

जुनी_इंदूर_गॅरेज
ताई, हे बरोबर आहे. गादीचं वजन ते काय असणार, कॅरियर सहज पेलेल.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हिला वाचून दाखवलं, गादीचं ऐकून तिचा चेहरा उजळला. उद्या हिमालयनवाल्याशी बोलतो, पेट्या ठेवून घेऊन किंमत कमी करशील का म्हणून. गाडी घेताना अजून काय बघू?

जुनी_इंदूर_गॅरेज
डबल स्टँडवर घ्या, मागून कोणाला तरी दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. मग हँडल अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला, तो निघण्याआधी इंदूरलाच बदलायचा. चाकं फिरवून स्पोकवर पान्याने टिचकी मारा, ढिला असेल त्याचा आवाज बद्द येतो. आणि फॉग लाइट काढताना वायरी नुसत्या कापून सोडू नका, बॅटरीपर्यंत मागोवा घेऊन मुळापासून काढा. हवं तर गाडी दुकानावर घेऊन या.