छोटं कॉलेज म्हणजे शिक्षक-विद्यार्थी रेशो चांगला, असं नसतं

बरेच जण म्हणतात की लहान लॉ कॉलेजात मुलं कमी म्हणून लक्ष जास्त मिळतं. कागदावर हो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एका तुकडीत ६० मुलं आणि नुसता तीन वर्षांचा एलएलबी दोन तुकड्यांनी चालवायचा तर तिसऱ्या वर्षापर्यंत प्राचार्य सोडून ८ पूर्णवेळ शिक्षक, म्हणजे ३६० मुलांना ८, हिशोब येतो ४५ ला एक. आता मी शिकलो तिथे (नाव नको) पूर्णवेळ होते तीन. बाकी सगळे सीएचबीवाले (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासावर पैसे घेणारे), नाहीतर सकाळी दोन लेक्चर उरकून कोर्टात पळणारे वकील.

आणि पगाराचं म्हणाल तर सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिक ५७,७०० आहे, पण सीएचबीवर तास घेतला तर पैसे, सुट्टीत शून्य. मग तो माणूस थांबेल कशाला, प्रॅक्टिस जरा जमली की जातोच, त्याला दोष तरी काय देणार.

खरी बोंब मूट कोर्टच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या पेपरला कळते. प्रत्येक मुलाने तीन मूट करायचे, एका वर्षाच्या १२० मुलांचे ३६० मेमोरियल (लेखी युक्तिवाद) झाले, ते वाचणार कोण? आमच्याकडे सीनियरची फाईल पहिलं पान बदलून फिरायची आणि सरांना माहीत होतं बरं का, पण तेही बिचारे तासावरचेच. त्यामुळे ॲडमिशन घेताना बिल्डिंग, लायब्ररी नंतर बघा, आधी विचारा पूर्णवेळ किती जण आहेत आणि त्यातले गेल्या वर्षी किती होते.