शब्दचर्चा : विषाच्या कुपीवर 'हृद्य' हा शब्द चालेल का?

विचारणा

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे डिजिटॉक्सिनची (डिजिटॅलिस वनस्पतीतून मिळणाऱ्या, हृदयावर क्रिया करणाऱ्या द्रव्याची) एक कुपी आहे. करंगळीएवढी बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड, बघायला मिठासारखी. सुरक्षापत्रक इंग्रजीत आहे, म्हणून काचेची भांडी धुणाऱ्या मावशींसाठी मी मराठी चिठ्ठी लिहिली : 'वनस्पतिजन्य हृद्य स्टेरॉइड ग्लायकोसाइड. विषारी.' मावशींनी शब्दांवर बोट ठेवत सावकाश वाचलं, 'हृद्य'पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हृदयाला चांगलं ना, मॅडम?" माझं धाबंच दणाणलं. चिठ्ठी तिथल्या तिथे काढली. आता योग्य शब्द कोणता, ते सांगा.

उत्तर

मॅडम, मावशींनी अगदी बरोबर वाचलं. 'हृदयस्य प्रियः' हे पाणिनीचं सूत्र आहे (४.४.९५) आणि त्यावरूनच 'हृद्य' सिद्ध होतो. हृदयाला प्रिय ते हृद्य. आपण 'हृद्य सत्कार', 'हृद्य आठवणी' म्हणतो तेव्हा हाच अर्थ मनात असतो. आयुर्वेदातही तो हितकर अर्थानेच येतो. चरकाने दहा हृद्य द्रव्यं सांगितली आहेत, त्यांत आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग आहेत. सगळी आंबटगोड, खावीशी वाटणारी फळं! त्या पंगतीत डिजिटॉक्सिन बसवणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणंच झालं.

सुरक्षापत्रकातल्या इंग्रजी शब्दात 'हृदयावर क्रिया करणारं' एवढंच आहे. ती क्रिया भली की वाईट, हे तो शब्द सांगत नाही. मराठी 'हृद्य' मात्र आधीच भल्याच्या बाजूने कौल देऊन बसलेला आहे. पारिभाषिक लेखात 'हृदयक्रियाकारी' म्हणा, मला खटकणार नाही. चिठ्ठीवर तोही नको. तिथे वाक्यच हवं : 'हृदयाचे ठोके बिघडवणारं विष.'

उत्तर

मी डॉक्टर आहे, म्हणून उरलेल्या दोन शब्दांबद्दल लिहितो. तेही तितकेच घात करतात.

'स्टेरॉइड' म्हटलं की लोकांना दम्याचा पंप, अंगावर लावायचं मलम, नाहीतर व्यायामशाळेतली इंजेक्शनं आठवतात. रसायनशास्त्रात हा शब्द फक्त चार जोडलेल्या कड्यांच्या सांगाड्याचं नाव आहे. कोलेस्टेरॉलचा सांगाडा तोच, कॉर्टिसोनचा तोच, आणि डिजिटॉक्सिनचाही तोच. सांगाडा एक असला म्हणून गुण एक नसतात. 'ग्लायकोसाइड'मधला 'ग्लायको' ग्रीक गोडावरून आलाय, कारण रेणूला साखरेच्या कड्या लागलेल्या असतात, डिजिटॉक्सिनला तीन. चव मात्र कडू. वास नाही, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे सांडलेली पूड नुसत्या पाण्याच्या धारेने निघून गेली असं समजू नये.

आता 'बिघडवणारं' हा शब्द मला का पटला ते सांगतो. पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. तो 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी 1957 साली तो दाखवला आणि 1997 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डिजिटॉक्सिनसारखी द्रव्यं नेमकी त्या पंपाला अडवतात. आत सोडियम साचतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढतं, आणि हृदयाचा स्नायू जोराने आवळतो. मोजकी मात्रा असेल तर थकलेल्या हृदयाला याचा उपयोग होतो. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 साली डिजिटॅलिस वनस्पतीवर पुस्तक लिहिलं ते याच गुणावर, अंगावर सूज चढलेल्या रोग्यांसाठी. मात्रा थोडी पुढे गेली की तेच द्रव्य नाडी मंद करतं, ठोक्यांचा ताल मोडतं, रक्तातलं पोटॅशियम चढतं. औषध आणि विष यांच्यामधली पट्टी इतकी अरुंद असलेली औषधं थोडीच आहेत.

शिवाय ते साठतं. डिगॉक्सिन हे याच जातीचं औषध शरीरात निम्मं व्हायला साधारण दीड दिवस लागतो, डिजिटॉक्सिनला जवळपास आठवडा. म्हणून चिठ्ठीवर 'वारंवार संपर्क टाळा' हे शब्द हवेतच. सुरक्षापत्रकात गिळण्याचा आणि श्वासावाटे जाण्याचा असे दोन्ही धोके असतील. ते दोन्ही लिहा. तोलताना उडणारी पूड लोक फार सहज घेतात.

उत्तर

शब्दांचंच चाललंय तर 'कण्हेर' घ्या. डिजिटॅलिस युरोपातली, आपल्या मावशींनी ती कधी पाहिलेली नसणार. कण्हेर मात्र दारोदारी आहे आणि तिचं विष याच जातीचं. संस्कृत 'करवीर', प्राकृतात 'कणवीर', त्यातून आपलं 'कण्हेर'. (कान्हेरीच्या लेण्यांशी याचा संबंध नाही, ते नाव कृष्णगिरीवरून आलं.) अमरकोशात करवीराला 'हयमारक' म्हटलंय, म्हणजे घोडा मारणारा. 'मृच्छकटिका'त चारुदत्ताला वधस्थानाकडे नेतात तेव्हा त्याच्या गळ्यात कण्हेरीची माळ असते. जुन्या लोकांनी नावातच इशारा ठेवला होता, 'कण्हेर' म्हणताना तो आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

आयुर्वेद तिला 'उपविष' म्हणतो. या 'उप'मुळे काहींना ती सौम्य वाटते. तसं समजू नका. वर्गवारीत ते दुय्यम असलं तरी माणसाला आणि गुराला पुरून उरतं.

दुसरा घोळ 'पिवळी कण्हेर' या नावाचा. हे वेगळं झाड आहे, अमेरिकेतून आलेलं. आमच्याकडे त्याला 'बिट्टी' म्हणतात. त्याच्या टणक बिया घेऊन आम्ही लहानपणी अंगणात खेळायचो. खेळण्याचं नाव असल्यामुळे 'बिट्टी' विषारी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि मला याचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. बी, पान, चीक, सगळ्यात विष आहे. श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेचे रुग्ण इतके येतात की तिथल्या डॉक्टरांनी त्यावरच्या उतारद्रव्यांच्या मोठ्या चाचण्या केल्या. मुलांना 'बिट्ट्या तोंडात घालू नका' असं नाव घेऊन सांगा. 'विषारी झाडांपासून दूर राहा' म्हटलं तर त्यांना बिट्टी आठवत नाही.

गुरं असलेल्यांसाठी : छाटलेली कण्हेर वाळली तरी तिचं विष जात नाही. ओली असताना कडू म्हणून गाय टाळते, वाळून चाऱ्यात मिसळली की खाते. छाटणी गोठ्याजवळ टाकू नका, जाळूही नका.

उत्तर

'वाबेन' हा शब्द कुणी घेतला नाही म्हणून थोडक्यात. याच घराण्यातलं हे पूर्व आफ्रिकेतलं द्रव्य. बाणाला लावायच्या विषाला सोमाली भाषेत 'वाबायो' म्हणतात, त्यावरून फ्रेंचांनी नाव घेतलं. सोमाली माणसाने त्याला सरळ विषाचं नाव दिलं होतं.

विचारणा करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी चिठ्ठी अशी केली :

'धोका. हृदयाचे ठोके बिघडवणारं विष. कण्हेरीच्या विषाच्या जातीचं. गिळल्यास किंवा पूड श्वासात गेल्यास विषारी. वारंवार संपर्क टाळा. हातमोजे घातल्याशिवाय कुपी उचलू नये. सांडल्यास स्वतः पुसू नये, मॅडमना बोलवावं. मळमळ, उलटी, पिवळसर दिसणं, चक्कर, यातलं काहीही झालं तरी लगेच रुग्णालयात.'

मावशींनी या वेळी न थांबता वाचली. मग विचारलं, "कण्हेर? मी तर रोज तिची फुलं देवाला वाहते." काय सांगू?

उत्तर

वाहू द्या. फुलं तोडल्यावर हात साबणाने धुवायला सांगा, चीक डोळ्याला लागू देऊ नये. आणि तीर्थाच्या पेल्यात किंवा नैवेद्याच्या ताटात ते फूल ठेवू नये. तिथे तुळस पुरते.